साळवे सिस्टरची बर्फाची पेटी

एखाद्या घरात नवी वस्तू आली की घरमालकाला तिचा उपयोग किती होतो ते तोच जाणे. शेजाऱ्यांना मात्र बोलायला वर्षभराची बेगमी होते. आमच्या आष्टीच्या गल्लीत आलेल्या वस्तूनं तीन उन्हाळे पुरवले आणि अजून पुरून राह्यलीय. दुपारी मी ओट्यावर ज्वारी निवडत बसले की कुणीतरी म्हणतंच, "कुसुमकाकू, तो पेटीचा किस्सा सांगा ना." मी विचारते, "कोणता?" कारण एक का आहे! आणि आधीच सांगते, यातल्या एकाही किश्शात पेटीचा दोष नाही. पेटी बिचारी शहाणी होती.

पेटी साळवे सिस्टरची. सिस्टर म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. त्यांचे मालक साळवे भाऊजी सिकंदराबादला एका बर्फाच्या कारखान्यात इलेक्ट्रिक फिटर. महिन्या-दोन महिन्यांनी येणार. कारखान्यानं जुनी म्हणून काढलेली, लाइटवर बर्फ करणारी पेटी त्यांनी दुरुस्त करून घरी आणली. धान्याच्या पेटीसारखी आडवी, कमरेइतकी उंच, झाकण वरून उघडायचं. सिस्टरला बर्फ लागायचा तो कामाला. कुणाचा ताप चढला की कपाळावर, बाळंतिणीचं अंगावरून जायचं थांबेना तर ओटीपोटावर. एरवी आमच्याकडं बर्फ यायचा परतूरहून, भुशात गुंडाळून, आणि अर्धा रस्त्यातच संपायचा.

आणखी एक गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. साळवे सिस्टर बौद्ध. गल्लीत येऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. गल्लीतली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मली. पण गल्लीतल्या एकाही माणसानं त्यांच्या घरी पाण्याचा घोट घेतला नव्हता. कुणी गेलं की सिस्टर आधी पाण्याचा ग्लास आणून ठेवायच्या. गेलेलं माणूस म्हणायचं, "आत्ताच पिऊन आले." पाच वर्षं सगळी गल्ली आत्ताच पिऊन येत होती. त्यात माझंही नाव घाला.

सिस्टर ग्लास ठेवायचं काही सोडत नव्हत्या. एकदा मला म्हणाल्या, "ज्या दिवशी ह्या गल्लीतलं कुणी एक ग्लास रिकामा करील ना कुसुमताई, त्या दिवशी मी इथली झाले."

मी म्हटलं, "होईल हो." आणि उठून घरी येऊन पाणी प्याले.

* * *

पेटी परतूर स्टेशनवरून बैलगाडीत आली, कडब्यावर एका कुशीवर निजवून. सगळी गल्ली जमा. समोरच्या घरचे तात्या काठी टेकत पुढं. तात्या आधी पोलीस पाटील होते. पाटीलकी गेली होती, पण हुकूम सोडायची सवय गेली न्हवती.

भाऊजींनी पेटी भिंतीपासून हातभर लांब उभी केली आणि हात झटकून सांगितलं, "आज चालू करायची न्हाई. वाटेनं कुशीवर आलीय, आतलं तेल जागेवर बसू द्या. उद्या लावू."

तात्यांना हा अपमानच वाटला. "आमचा बैल वीस मैल चालून आला तरी वैरण टाकली की दुसऱ्या घडीला उभा. अन् ही गाडीत झोपून आली, तरी हिला विसावा!"

लोक चिडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र प्रत्येकाचं सिस्टरकडं काहीतरी काम निघालं. कुणाला बोट दाखवायचं होतं, कुणाला डोळा. आणि योगायोग असा की प्रत्येकाच्या पदराखाली एक रिकामी वाटी.

बर्फ वाटीत पडायच्या आधी सिस्टरनं रीतीप्रमाणं सगळ्यांपुढं पाण्याचे ग्लास ठेवले. सगळे आत्ताच पिऊन आले होते. मग बर्फ आला, आणि क्षणभर सगळ्यांचे हात थबकले. कुणी घ्यावा, कुणी नाही? तेव्हा तात्यांची सून ताराबाई पुढं झाली. तिनं निकाल दिला, "बर्फ मशीन करतंय. त्याला माणसाचा हात लागत न्हाई. बर्फ चालतो."

पेटीत पाणी कुणी ओतलं, कुठल्या रांजणातलं, हे विचारायची अक्कल एकालाही झाली नाही. झाली असेल तर तोंडात बर्फ होता.

* * *

भाऊजी जाताना पुठ्ठ्यावर नियम लिहून भिंतीला टांगून गेले. मागं हवा खेळू द्या. ओल्या हातापायांनी झाकण उघडू नका. लाइट गेली तर उघडूच नका. गरम पातेलं ठेवू नका. खरवडू नका. आमच्या गल्लीत सातवीपर्यंत शिकलेले चारजण. मी त्यातली एक. चौघांनीही तो पुठ्ठा वाचला नाही, कारण आम्हाला सगळं येत होतं.

पहिल्याच महिन्यात सिस्टर दोन दिवस खेड्यावर बाळंतपणाला गेल्या. किल्ली माझ्याकडं. तात्या आले, पेटीभोवती फिरले आणि कपाळाला हात लावला. "बर्फ असा उघडा ठेवतेत का? बापजाद्यापासून बर्फ भुशात राहतो."

मंग काय! चार गोणपाटं झाकणावर, आणि मागच्या त्या हातभर जागेत ठासून ठासून तुरीचा भुसा. तात्यांनी स्वतः काठीनं दाबला. मी टोपल्या भरून दिल्या, हेही लिहायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुसा करपल्याचा वास. पेटी मागून इतकी तापली की हात लावला तर चटका. सिस्टर आल्या, बटण बंद केलं आणि एकटीनं सगळा भुसा उपसला. तात्या दारातून म्हणाले, "भुसा ओला असंल."

* * *

पेटीला एक तार होती, खिडकीतून बाहेर जाऊन जमिनीत गेलेली. खाली खड्ड्यात मीठ, कोळसा आणि पत्रा पुरलेला. भाऊजींनी सांगितलं होतं, उन्हाळ्यात दर आठवड्याला तिथं बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे पेटीच्या अंगात लाइट उतरली तर ती जमिनीत जाईल, माणसात नाही.

ताराबाईला ती बादली डोळ्यांत खुपायची. "विहिरीला पाणी न्हाई अन् ही मातीला पाजून राह्यली."

एक दिवस ती धुणं आपटून, ओल्या पायांनी, पदर पिळत पेटीपाशी आली. झाकणाला हात लावला आणि असा झटका बसला की ती थेट उंबऱ्याबाहेर. नशीब म्हणून उडाली आणि सुटली. हात चोळत तिनं गल्लीला गोळा केलं. सिस्टरनं मुद्दाम लाइट सोडली म्हणे, लोकांनी बर्फ नेऊ नये म्हणून!

सिस्टर खिडकीबाहेर गेल्या. तार जागेवर नव्हती. शोधत शोधत ताराबाईच्याच अंगणात पोचल्या. तिथं ती दोन खुंट्यांना ताणून बांधलेली, आणि तिच्यावर ताराबाईचं हिरवं लुगडं वाळत घातलेलं.

ताराबाई म्हणाली, "काढली मी. तिच्यात लाइट न्हाई, काही न्हाई. रिकामी लोंबून राह्यली होती."

* * *

आता घरचा अहेर. आमच्या ह्यांचं शिवणाचं दुकान. कैची हातात असली की जगातलं सगळं कापता येतं असा ह्यांचा समज. पेटीच्या आतून चार बोटं बर्फाचा थर धरला होता. सिस्टरची पद्धत अशी, की बटण बंद करायचं, सामान काढायचं, आत कोमट पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि झाकण उघडं टाकून आपल्या कामाला लागायचं. थर आपोआप सुटून येतो.

आमचे हे बघायला गेले आणि हसले. "कोमट पाण्यानं दगड हलतो का? सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं द्या. हे गड्याचं काम हाय." त्या नको नको म्हणेपर्यंत कैचीचं टोक थरात घुसलं. दोन घाव बरोबर बसले. तिसऱ्याला आतून फस्सऽऽ असा आवाज आला आणि येतच राह्यला.

हे म्हणाले, "हवा अडकली होती. निघाली बघा."

निघाला तो पेटीचा गॅस. भाऊजींना रजा काढून यावं लागलं, औरंगाबादहून माणूस आणून नळी जोडावी लागली. ऐन मे महिन्यात पेटी मुकी. आणि गल्ली कुणावर चिडली असेल? सिस्टरवर. "आणली तर नीट चालवायला नको का?" हे वाक्य आमच्या ह्यांच्या दुकानातच पहिल्यांदा बोललं गेलं.

* * *

हा किस्सा मी कुणाला सांगत नाही. आज लिहून टाकते.

पेटी आली तेव्हा झाकणाला बाहेरून खटका होता, आपटलं की आपोआप लागायचा. सिस्टरनं भाऊजींना पहिलं काम काय लावलं, तर तो खटका काढायला. भाऊजींनी पान्यानं खोलून काढला आणि खिशात टाकला. तात्या खूप हसले. कडी नसलेली पेटी म्हणजे दार नसलेलं घर म्हणे.

पुढच्या वर्षी पेटी धुवून, रिकामी करून, बंद ठेवली होती. लेकरं लपाछपी खेळत होती. माझी धाकटी चिंगी सापडेना. सगळी गल्ली पालथी घातली. विहिरीत वाकून बघून आले. परत येते तर सिस्टरच्या घरातून चिंगी येत होती, घामानं ओलीचिंब, हसत. म्हणाली, "मी पेटीत होते. जीव घाबरा झाला म्हणून झाकण ढकललं."

मी सिस्टरच्या दारात जाऊन ओरडले. कुलूप घालता येत नाही का, लेकरं आत जातेत, तुम्हाला काही वाटतं का. त्या ऐकत राह्यल्या. मग म्हणाल्या, "चुकलं कुसुमताई. आता झाकणावर जड काही ठेवणार न्हाई, अन् खोलीला कुलूप लावीन."

घरी येऊन चिंगीचं अंग पुसताना मला तो भाऊजींच्या खिशातला खटका आठवला. मी परत जाऊन माफी मागायला पाहिजे होती. त्याऐवजी मी चहा ठेवला आणि स्वतःच प्याले.

* * *

सिस्टर पेटीत एका वाटीत पाणी गोठवायच्या आणि वर एक खडा ठेवायच्या. दोन दिवस गावाला जाऊन आल्या की आधी वाटी बघायच्या. खडा वर असला तर ठीक. तळाला असला तर समजायचं की मधे लाइट जाऊन सगळं वितळलं आणि परत गोठलं. आतलं खायचं नाही.

एकदा त्या गावाला जायच्या आधी ताराबाईनं आमरसाची दोन पातेली सिस्टरच्या पेटीत ठेवली होती. व्याही येणार होते. हो, पाणी चालत नव्हतं, पण आमरस ठेवायला चालत होता. पातेल्याला पेटीचा थंडपणाच लागतो म्हणे, बाकी काही नाही.

सिस्टर गावाहून आल्या. खडा तळाला. त्यांनी एक पातेलं उकिरड्यावर ओतलं, तेवढ्यात ताराबाई पोचली आणि दुसरं हिसकून घेतलं. मग तिची नजर वाटीवर गेली.

"खडा? वाटीत खडा कशाला?"

सिस्टर म्हणाल्या, "तो सांगतो मला, रस बिघडला का ते."

झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की सिस्टर भानामती करते, खड्याशी बोलते. तात्यांनी देवऋष्याला निरोप धाडला. तो सकाळी लिंबू-नारळ घेऊन आला तेव्हा त्याला तात्यांच्या घरात कुणी भेटेना. व्याही धरून सात माणसं लोटे घेऊन नाल्याकडं एकामागं एक चालली होती.

देवऋषी अर्धा तास वाट बघून लिंबं घेऊन परत गेला. गोळ्या सिस्टरनंच दिल्या. गोळ्या चालतात.

* * *

ह्या चैतात तात्या गेले. थोरला मुलगा पुण्याला. तार केली तरी त्याला यायला दुसरा दिवस उजाडणार. ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. ताराबाईचा नवरा सिस्टरच्या घरात आला, विचारलं नाही, काही नाही, पेटीतला सगळा बर्फ घमेल्यांत भरून नेला. सिस्टर रांजणातून तांब्या तांब्या पाणी भरून आणखी गोठवत राह्यल्या. दीड दिवस तात्या त्या बर्फावर होते.

माती झाल्यावर सिस्टर भेटायला गेल्या. अंगणात बसलेल्या सगळ्यांना चहा आला. सिस्टरला पण आला, पण बाहेरच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. मी शेजारीच होते. माझा कप चांगला होता. त्यांनी तो चहा प्याला, कप स्वतः विसळला आणि कोनाड्यात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले तर टेबलावर कागद. बदलीचा अर्ज. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कुसुमताई, मेलेल्या माणसाला माझं पाणी चालतं. त्यासाठी सगळे मरेपर्यंत थांबू का मी?"

मग सवयीनं आत गेल्या आणि पाण्याचा ग्लास आणून माझ्यापुढं ठेवला.

मी काय म्हणाले ते तुम्ही ओळखलंच असेल.

* * *

अर्ज सोमवारी टपालात पडायचा होता. हे शनिवारचं.

गल्लीच्या तोंडाशी कापडवाल्यांचं घर आहे. जैन माणसं, राजस्थानातून येऊन तीन पिढ्या झाल्या. त्यांच्या माँजी सत्तरीच्या पुढच्या. त्या कुणाच्या अध्यात न मध्यात. बर्फाची पेटी बघायला गल्लीतून न आलेलं माणूस म्हणजे त्या एकट्याच. त्यांचं वर्षीतप चालू होतं, म्हणजे एक दिवस जेवण, एक दिवस उपास, असं वर्षभर. शनिवारी उपास होता, नुसत्या उकळलेल्या पाण्यावरचा. दुपारी साध्वींचं प्रवचन ऐकून जैन स्थानकातून परत येताना सिस्टरच्या दारासमोर त्यांना भोवळ आली. भिंतीला धरत धरत त्या सिस्टरच्या पायरीवर बसल्या.

आम्ही सगळ्या बायका धावलो. ताराबाई सगळ्यांच्या पुढं. ती सरळ आत घुसली, पेटी उघडली, ओंजळभर बर्फ घेऊन आली आणि माँजींच्या तोंडाशी धरला. "घ्या माँजी, जल्दी तोंडात धरा. थंड वाटंल."

माँजींनी मान फिरवली. "बर्फ नको. आमच्यात बर्फ खात न्हाईत, त्याच्यात जीव असतेत." मग सिस्टरकडं बघून म्हणाल्या, "पाणी हाय का?"

सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. हळू म्हणाल्या, "माँजी, घर माझं हाय."

"ते दिसून राह्यलं. उकळलेलं हाय का, ते सांग. आज उपास माझा."

"उकळलेलंच असतं. मी तसंच पिते."

"आज सकाळचं?"

"आज सकाळचं."

"मंग आण की बाई. उभी काय राह्यलीस?"

सिस्टर ग्लास घेऊन आल्या. थोडं पाणी पायरीवर सांडलं. माँजींनी दोन्ही हातांनी ग्लास धरला, डोळे मिटले आणि सावकाश, मधे दोनदा थांबून, तळापर्यंत प्याल्या. ग्लास परत देत म्हणाल्या, "अजून एक."

सिस्टर आत गेल्या. माँजींनी पदरानं तोंड पुसलं आणि समोर तशीच ओंजळ धरून उभ्या असलेल्या ताराबाईकडं जरा वेळ बघितलं.

"तारा," त्या म्हणाल्या, "तुझ्या हातात बघ काय होऊन राह्यलं."

ताराबाईनं खाली बघितलं. पाण्याचा ओघळ कोपरापर्यंत आल्ता.